सामाईक बर्फ

जावई म्हणजे दशमग्रह, असं म्हणतात. माझ्या आईच्या कुंडलीत हा ग्रह दोनदा बसला होता. एक माझा नवरा श्रीरंग, आणि दुसरा माझ्या धाकट्या बहिणीचा, धनश्रीचा नवरा भूपेंद्र. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण या गोष्टीत नाव घेतलं नाही तर कुठला गाढव कोणता ते कळणार नाही, म्हणून घेते. दोघं साडू सुरतेच्या पांडेसऱ्यात एकाच डाइंग मिलमध्ये कामाला होते आणि दोघांच्या खोल्या एकाच चाळीत समोरासमोर होत्या. लेकी एका ठिकाणी पडल्या म्हणजे एकमेकींना आधार होईल, असं आईला वाटलं होतं. एका दावणीला दोन गाढवं बांधली की लाथा कुणाला बसतात, ते आम्हा दोघी बहिणींना विचारा.

हे सगळं झालं फाउंटन मशीनवरून. प्लेगच्या वर्षी निम्मं सुरत पळालं, तेव्हा मिलच्या गेटसमोर थंडा विकणारा एक माणूसही पळाला. तो परत आला, पण त्याचं मन काही धंद्यात लागेना, आणि त्याने मशीन विकायला काढलं. स्टीलचं चौकोनी खोकं आणि पुढे दोन नळ, एक कोल्याचा, एक ऑरेंजचा. वरून बर्फ टाकायचा खण, खाली सिरपचे दोन डबे आणि बाजूला गॅसचा बाटला. नळ ओढला की सिरप, पाणी आणि गॅस एकत्र होऊन ग्लासात फेसाळत उतरायचं. पानाच्या टपरीवर थंड्याच्या बाटलीला सहा-सात रुपये पडत, आणि इथे दोन रुपयांत ग्लास. रंगाच्या वाफेत उकडून निघालेला कारीगर बाटलीकडे नुसता बघायचा आणि फाउंटनकडे वळायचा. दोघा साडूंनी हे हेरलं. तेवढी अक्कल त्यांना होती, उगाच खोटं कशाला बोलू.

अक्कल होती, पैसा नव्हता. पैसा बेटावदला होता, आईच्या घरात. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच राहायची. मातीचं धाब्याचं घर, पुढे ओसरी, आणि ओसरीच्या सरीला, म्हणजे छताच्या तुळईला, आखाजीचा झोका. आमच्या खानदेशात दिवाळीला लेक माहेरी नाही आली तर एकवेळ चालतं, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आली पाहिजे. वर्षभर सासरचं ऐकून घ्यायचं आणि आखाजीला झोक्यावर बसून सासूला शिव्या घालणारी गाणी म्हणायची, तीही मोठ्याने. हे दोघे बेटावदला गेले आणि आईच्या पाया पडले. श्रीरंगने केमिकलने सोललेले हात दाखवले. भूपेंद्र सासूला म्हणाला, मामी, तुम्ही आमच्या दोघांच्या घरी राणीसारख्या राहाल. आईने घर माझ्या चुलतभावाला विकून टाकलं, सुरतेला आली आणि मशीनवाल्याच्या हातात पैसे तिने स्वतः ठेवले. पांडेसऱ्यात हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवसापासून माझं माहेर मिलच्या गेटसमोर, लिंबाच्या झाडाखाली, एका लारीवर, म्हणजे हातगाडीवर, उभं होतं.

पहिला उन्हाळा बरा गेला. दोघांनी मिल सोडली. सकाळी मगन नावाचा सुरती माणूस टेम्पोतून बर्फाची लादी टाकून जायचा, ती फोडून खणात भरायची आणि पाळी सुटायची वाट बघायची. लोकांना सगळ्यात जास्त आवडायचं ते मिक्स. अर्धा ग्लास कोला, अर्धा ऑरेंज. त्या मिक्सचा रंग गढूळ दिसायचा, पण चव लागली की माणूस दुसरं काही मागायचा नाही. आई लारीजवळ पाटावर बसायची. येणारा जाणारा तिला विचारायचा, काय माय, जवायांनी गाडी घेतली की नाही? आई पदर तोंडाला लावून हसायची. मगनसुद्धा तिच्याशी बोलत बसायचा आणि अधूनमधून मशीनला थाप मारून म्हणायचा, "माजी, वेचवानुं होय तो मने कहेजो." पलसाण्याच्या चौफुलीवर ट्रकवाले थांबतात, तिथे हे मशीन विकत घेऊन मांडायचं त्याच्या मनात होतं. आई त्याला म्हणायची, घर कधी कोणी विकतं का. एकदा विकून बसली होती, तरी म्हणायची.

दुसऱ्या वर्षी होळीच्या आधीच बर्फ महागला. बर्फाच्या कारखान्यावर रांगा लागायच्या आणि मगनने लादीचा भाव वाढवला. श्रीरंगचं म्हणणं, ग्लास अडीच रुपये करू. भूपेंद्रचं म्हणणं, किंमत दोनच ठेवू आणि सिरप पातळ करू, कारीगराला रंग दिसला म्हणजे झालं. श्रीरंग म्हणाला, पातळ केलं तर गिऱ्हाईक थुंकेल. भूपेंद्र म्हणाला, अडीच केलं तर येणारच नाही, मग थुंकणार कोण? दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, आणि म्हणूनच भांडण मिटेना. शेवटी बर्फ फोडायची सळई घेऊन एकमेकांच्या अंगावर गेले, आणि मिलच्या दारवानाने मध्ये पडून सोडवलं.

मग बन्सीलाल मुकादमाला बोलावलं. हा आमच्याच भागातला, मिलच्या फोल्डिंग खात्यात होता. गावाकडच्या माणसांचे तंटे सोडवायची त्याला भारी हौस होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी बन्सीलालच्या रूपात पाहिला. त्याने मशीनभोवती एक फेरी मारली, दोन्ही नळ ओढून दोन ग्लास प्यायला, फुकट, आणि निकाल दिला. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की काय करतात? शेत वाटून घेतात आणि विहीर सामाईक ठेवतात. तसंच इथे करा. नळ म्हणजे शेत. एक याचा, एक त्याचा. आपापला सिरप आपण आणायचा, भाव आपण ठरवायचा. बर्फ आणि गॅस म्हणजे विहीर. त्याचा खर्च दोघांनी निम्मानिम्मा द्यायचा. चार लोकांनी माना डोलावल्या. मीसुद्धा तिथे उभी होते. मशीनची विहीर करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, पण बाईमाणसाला कोण विचारतं.

जाता जाता त्याने आईचाही निकाल लावला. पंधरा दिवस मोठ्या लेकीकडे, पंधरा दिवस धाकटीकडे. पुनवेला इकडे, आमुश्येला तिकडे. आईसुद्धा सामाईक झाली.

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा कोला भूपेंद्रकडे गेला आणि ऑरेंज श्रीरंगकडे. कोला जास्त खपतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. श्रीरंग म्हणाला, चिठ्ठीत लबाडी झाली. भूपेंद्र म्हणाला, नशिबात ऑरेंज असेल तर मी काय करू. दुसऱ्या दिवशी त्यांनी लारीच्या मधोमध प्लायवूडची फळी ठोकली आणि दोघं फळीच्या दोन बाजूंना उभे राहिले, खांद्याला खांदा लागेल एवढ्या अंतरावर, एकमेकांचं तोंड न बघता. मी लांबून पाहिलं आणि मला हसू आलं नाही, किळस आली.

भूपेंद्रने आधी दीड रुपया केला. श्रीरंगने सव्वा केला. भूपेंद्रने रुपया केला, तर श्रीरंगनेही रुपया. कारीगरांची दिवाळी झाली. पण रुपयात ग्लासभर सिरप कसा परवडणार? सिरप आपल्या खिशातला आणि बर्फ सामाईक. मग दोघंही ग्लासात बर्फ भरायला लागले. श्रीरंगला वाटे, भूपेंद्र जास्त बर्फ घालतो आणि त्याचे निम्मे पैसे मी देतो, मग मी का कमी घालू? भूपेंद्रला तेच वाटे. गावाकडे सामाईक विहिरीवर दोघं भाऊ अशीच मोट चालवतात, आपल्या पिकाला पाणी हवं म्हणून नव्हे, दुसऱ्याला उरू नये म्हणून. ग्लास गळ्यापर्यंत बर्फाने भरायचा आणि त्यावर दोन बोटं रंगीत पाणी. सकाळची लादी दुपारी संपायची, मगनला दुसऱ्यांदा बोलवावं लागायचं आणि बर्फाचा खर्च सिरपाच्या वर गेला.

लोक काही बावळट नव्हते. ते म्हणायला लागले, बरफ मत डालो. बर्फ नाही म्हणजे ग्लासभर थंडा. तेव्हा या दोघांनी, एकमेकांशी न बोलता, एकच शहाणपण केलं. बर्फासकट एक रुपया, बर्फाशिवाय दोन. मिलमध्ये जेट मशीनवर काम करणारा एक ओडिया कारीगर तिथेच तडकला. चीज निकालोगे और पैसा बढ़ाओगे? त्याने ग्लास लारीवर आपटला. बर्फ सगळीकडे उडाला, आणि त्याच्या मागचे चारपाच जण रसवंतीकडे निघून गेले. श्रीरंगने घरी येऊन सगळा राग माझ्यावर काढला. म्हणाला, तुझ्या बहिणीच्या नवऱ्याने माझं गिऱ्हाईक पळवलं. मी म्हटलं, सिरपाचे पैसे वाचवायला जो बर्फ न घेणाऱ्याला दंड लावतो, त्याचं गिऱ्हाईक आपल्या पायांनी जातं, पळवावं लागत नाही. त्या दिवशी त्याने ताट सरकवलं आणि मला बजावलं की समोरच्या खोलीशी संबंध बंद. धनश्रीलाही तिकडे तेच सांगितलं गेलं. यात मात्र दोघा साडूंचं एकमत होतं.

आणि मिक्स. मिक्स मागितलं की खरा तमाशा. एकाने अर्धा ग्लास भरायचा, फळीवरून दुसऱ्याकडे द्यायचा, दुसऱ्याने उरलेला भरायचा आणि आठ-आठ आणे वाटून घ्यायचे. पण पहिल्याने भरलं की फेस वर येतो आणि दुसऱ्याला दोन घोटांचीच जागा उरते. दुसऱ्याचा सिरप वाचतो, पैसे मात्र निम्मे मिळतात. म्हणून दोघांनाही दुसरं व्हायचं होतं. भूपेंद्र म्हणायचा, पहिले ऑरेंज. श्रीरंग म्हणायचा, पहिले कोला. गिऱ्हाईक रिकामा ग्लास धरून फळीच्या दोन्ही बाजूंना बघत राहायचं. काही टारगट कारीगर तर तहान नसताना मुद्दाम मिक्स मागायचे आणि बाकीचे गोल करून मजा बघायचे. भेस्तानपर्यंत नाव झालं होतं, दोन साडूंची लारी. आई हे सगळं पाटावर बसून बघायची. ती हसत नव्हती आणि कोणी तिला गाडीचं विचारतही नव्हतं.

आम्ही दोघी बहिणी चाळीच्या नळावर बोलायचो. पाण्याची वेळ एकच, त्यामुळे कुणाला संशय येत नव्हता. एकमेकींकडे पाठ करून हंडे घासायचो आणि हंड्याशी बोलल्यासारखं बोलायचो. एका पाठच्या बहिणी, एका ताटात जेवलेल्या, आणि दोन नळांच्या पायी चोरासारखं बोलायची वेळ आली. मला रडू येत नव्हतं, संताप येत होता.

फाल्गुनाच्या आमुश्येला आईची पाळी बदलायची होती. माझ्याकडचे पंधरा दिवस संपले. सकाळी तिने आपली पिशवी उचलली आणि समोर गेली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळी मी हंड्याला विचारलं, माय रात्री जेवली ना नीट? धनश्रीच्या हातातली राख थांबली. ती म्हणाली, तुझ्याकडे जेवली ना अक्का? आमुश्या आज धरली यांनी, काल तिथी अर्धीच होती म्हणे. मी वळले आणि तिच्याकडे सरळ बघितलं, चाळ बघत होती तरी. काल सकाळपासून आई कुठेच जेवली नव्हती. धनश्रीच्या दाराशी गेली तेव्हा भूपेंद्र म्हणाला होता, मामी, आज तुम्ही तिकडच्याच आहात. ती माझ्याकडे परत आलीच नाही. दिवसभर लारीजवळ बसली आणि रात्री चाळीच्या जिन्याखाली पिशवी उशाला घेऊन झोपली. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण ती माझ्या आईला लागू पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

मी तिला ओढत घरी आणलं आणि भाकरी वाढली. श्रीरंग दाढी करत होता. त्याच्यासमोरच मी आईला विचारलं, भुकेली होतीस तर बोलली का नाहीस? आईने एक घास खाल्ला, मग ताटाकडेच बघत आपल्या अहिराणीत म्हणाली, "दोन नळ दोन जवाईसना. मना नळ कोनता, ते कोनी सांगं नही. मंग मी कोठे जाऊ?"

श्रीरंगने वस्तरा पुसला आणि म्हणाला, तिथीचा घोळ भूपेंद्रने केला, माझ्याकडे पंधरा दिवस चोख झाले होते. एवढंच म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिले. या माणसाचे सोललेले हात बघून माझ्या आईने घर विकलं होतं. त्या क्षणी मला तो नवरा म्हणून नकोसा झाला, आणि ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्यानंतर आई बदलली. जेवायची, झोपायची, पाळीप्रमाणे पिशवी हलवायची, पण लारीजवळ बसेना. सकाळी मगनचा टेम्पो आला की त्याच्याशी काहीतरी बोलायची. एकदा त्याच्याच टेम्पोत बसून गेली आणि दुपारी परतली. मी विचारलं तर म्हणाली, पलसाण्याची चौफुली बघून आले, फार ट्रक थांबतात तिथे. मला वाटलं, म्हातारीला तेवढाच विरंगुळा. नंतर एकदा तिने धनश्रीकडून बेटावदला फोन लावून घेतला, एसटीडीवरून, चुलतभावाला. धनश्रीला वाटलं, आखाजी जवळ आली, घराची आठवण येत असेल. आखाजी खरंच जवळ आली होती. पांडेसऱ्यातल्या खानदेशी बायका भुसावळ पॅसेंजरच्या गोष्टी करत होत्या, कुणी बांगड्या भरल्या, कुणी लेकरांना कपडे घेतले. आम्हा दोघींना कुठे जायचं नव्हतं. आमचं माहेर फळी ठोकून समोरच उभं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी मी श्रीरंगचा डबा घेऊन गेले. धनश्री भूपेंद्रचा घेऊन आली. आम्ही दोघी झाडाच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. निम्मी मिल गावाला गेली होती, त्यामुळे पाळी सुटली तरी गर्दी नव्हती. उन्हाळ्याचा ऐन धंद्याचा दिवस आणि खानदेशी गिऱ्हाईक गाडीत बसलेलं. दोघेही त्यामुळे अधिकच पिसाळलेले. तेवढ्यात मगनचा टेम्पो आला. दोघांना वाटलं, बर्फ आला. बर्फाची लादी उतरलीही, पण तिच्यामागून आई उतरली. तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि पिशवी खांद्याला होती. मगन आणि त्याचे दोन हमाल टेम्पोजवळच थांबले.

आई लारीसमोर येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर सारखा केला आणि म्हणाली, "माले एक मिक्स द्या."

तिने कधी त्या मशीनचा थंडा मागितला नव्हता. गॅसने छातीत जळजळ होते म्हणायची. दोघं गडबडले. श्रीरंगने ग्लास काढला, त्यात सवयीने बर्फ भरला आणि फळीपाशी ठेवला. म्हणाला, मामीसाठी पहिले कोला. भूपेंद्र म्हणाला, मामीसाठी पहिले ऑरेंज, मोठ्या जावयाचा मान आहे. श्रीरंग म्हणाला, तुझ्या घरी आहेत त्या सध्या. भूपेंद्र म्हणाला, आमुश्या परवाच झाली, त्याआधी पंधरा दिवस तुझ्याकडेच होत्या. ग्लास फळीपाशी तसाच होता, बर्फ विरघळत होता आणि माझी आई वैशाखाच्या उन्हात उभी होती. आसपासचे कारीगर जमले. एरवी ते हसायचे, त्या दिवशी कोणी हसलं नाही.

आईने कनवटीला हात घातला. आठ आण्यांचं एक नाणं श्रीरंगसमोर ठेवलं आणि एक भूपेंद्रसमोर. 

मला वाटलं, आता तरी दोघं शरमतील. नाणी परत तिच्या हातात ठेवतील, पाया पडतील. माझा त्या क्षणापर्यंत विश्वास होता, खरं सांगते. श्रीरंगचा हात पुढे आला. त्याने आठ आणे उचलले आणि आपल्या डब्यात टाकले. त्याने मुद्दाम केलं नसेल, गिऱ्हाइकाचे पैसे उचलायची हाताला सवय होती. पण भूपेंद्रने ते पाहिलं, आणि आपण मागे कशाला राहायचं म्हणून त्यानेही आपले उचलले. दोन डब्यांत दोन नाणी वाजली. मग श्रीरंगने ऑरेंजचा नळ ओढला, मग भूपेंद्रने कोल्याचा. फेस वर आला, खाली बसला, आणि बर्फाच्या फटींतून गढूळ पाणी दिसायला लागलं.

आईने ग्लास घेतला आणि दोन घोट प्यायली. तेवढंच होतं त्यात. उरलेला बर्फ तिने झाडाच्या बुंध्याशी ओतला, ग्लास फळीपाशी उपडा ठेवला आणि मागे वळून म्हणाली, "मगनभाऊ, दोन्ही नळ चालतस. ली जा."

मगनचे हमाल पुढे झाले. तेव्हा कुठे या दोघांना कळलं. श्रीरंगने मशीनला दोन्ही हातांनी धरलं. मामी, हे काय चालवलंय, वाटणी झाली आहे, बन्सीलालने चार लोकांसमोर केली आहे. भूपेंद्र म्हणाला, कोल्याचा नळ माझ्या नावाचा आहे. होळीपासून एकमेकांशी धड न बोललेले दोघे एका सुरात बोलत होते.

"वाटणी नळेसनी व्हयनी," आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "मशीन मनं शे. ते मनं घर व्हतं. तुम्ही त्याना दारमां माले उभी करी, पैसा ली, पानी पाजं."

 जमलेल्या कारीगरांपैकी एक म्हातारा मान खाली घालून निघून गेला. श्रीरंगने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, सांग तुझ्या आईला. मी डबा झाडाखाली ठेवला, लारीमागे गेले, गॅसच्या बाटल्याची चावी बंद केली आणि त्याला म्हणाले, "तुमचा नळ कोणता तेवढा दाखवा. तो काढून देते."

दुसऱ्या बाजूने धनश्री आली आणि सिरपचे डबे बाहेर काढून जमिनीवर ठेवायला लागली. आम्ही दोघी फळीच्या एकाच बाजूला होतो. तिच्या हाताला कोल्याचा चिकट रंग लागला, तो तिने भूपेंद्रच्या गल्ल्यावरच्या फडक्याला पुसला. हमालांनी मशीन उचललं. दोघांनी अडवलं नाही. अडवायला दोघांनी मिळून धरावं लागलं असतं.

मगनने पैसे आधीच दिले होते. पूर्ण घराची किंमत त्यात येत नव्हती, यंत्र जुनं झालं की भाव पडतोच. चुलतभावाने ओसरी आणि तिच्या लगतची एक खोली आईला परत लिहून द्यायचं कबूल केलं होतं. झोक्याची सरी ओसरीतच होती. आईने ते तिथेच, रस्त्यात उभं राहून आम्हाला सांगितलं. मग म्हणाली, "गाडी चार वाजता शे. येतीस तं चला दोन्ही जणी. आखाजी शे सकाय."

आम्ही डबे तिथेच ठेवले. घरी जाऊन पिशव्या भरल्या, दोघींनी मिळून, दोन्ही दारं उघडी टाकून, आणि चाळीने काय बघायचं ते बघितलं. आईला घेऊन आम्ही रिक्षाने उधन्याच्या स्टेशनवर निघालो, तेव्हा मिलच्या गेटवरून जावं लागलं. लारी रिकामी होती, नुसती मधली फळी उभी. मगनने मशीन नेलं होतं पण दुपारी उतरवलेली लादी नेली नव्हती, ती आधीच विकलेली होती, दोघांची निम्मीनिम्मी. ती लिंबाखाली गोणपाटावर पडली होती. एका बाजूला श्रीरंग उभा होता, दुसऱ्या बाजूला भूपेंद्र. दुसऱ्याने उचलली तर, म्हणून दोघांपैकी एकही हलत नव्हता, आणि बर्फाचं पाणी रस्त्यावरून गटाराकडे चाललं होतं.